बंद न करता

लॅपटॉप बंद न करता दुरुस्त करायचा, असं सांगणारं गिऱ्हाईक बारकूशेठच्या दुकानात आजवर आलं नव्हतं.

"ताई," चष्मा कपाळावर सरकवत बारकूशेठ म्हणाले, "चालत्या गाडीचं चाक बदलायला सांगताय तुम्ही."

"चाक नकोच बदलायला. चार्जर गेलाय. या पिनचा दुसरा द्या, झालं."

"ही पिन आता कुठे येते? मागवावा लागेल. चार दिवस धरा."

संजनाने पडद्याच्या कोपऱ्यात पाहिलं. नऊ टक्के. चार दिवस तर राहू देत, या नऊ टक्क्यांवर ती उपनगर भागातल्या घरापर्यंतही पोचली नसती.

बाहेर एम. जी. रोडवर भुरभुर पाऊस पडत होता. जानेवारीतला, कोणी न बोलावलेला. दुकानाच्या पायरीवर एक जण केव्हाचा उभा होता. बारकोड वाचायचं यंत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून त्याने छातीशी धरलं होतं, आणि आभाळाकडे तो असा बघत होता की जणू आभाळाने त्याला तोंडावर खोटं पाडलं असावं.

"आठ झाले," तो एकदम म्हणाला.

"काय?"

"टक्के. आठ झाले." त्याने पाठीवरची सॅक उतरवली. वायरींच्या गुंत्यात हात घालून एक चार्जर ओढून काढला. "बघा बरं लागतो का. माझाही याच कंपनीचा आहे. तितकाच म्हातारा."

लागला. बाजूचा नारिंगी दिवा पेटला आणि संजनाने सोडलेला श्वास बारकूशेठनाही ऐकू गेला. त्या माणसाने मात्र मान वळवली. परक्या बाईचा असा श्वास आपण ऐकायला नको होता, असं काहीसं त्याच्या चेहऱ्यावर होतं.

"थँक यू हं. फार उपकार झाले."

"उपकार राहू द्या. मी अडकलो ना आता. पिंपळगावची बस पाचला आहे, आणि चार्जर तुमच्याकडे."

"मग बसा की पाऊस थांबेपर्यंत. छान पडतोय."

"छान?" तो हसला. "अहो, द्राक्षाचे मणी तडकतात या पावसाने. आज सगळं पिंपळगाव बसवंत हवामान खात्याला शिव्या देतंय, आणि तुम्हाला छान वाटतोय!"

"बाग आहे तुमची?"

"मामांची. मी तिथल्या पॅकहाउसमध्ये वेबसाइटचं काम बघतो. खोक्यावरचा कोड मोबाइलला दाखवला की ही द्राक्षं कोणत्या बागेतली, ते लांबच्या देशातल्या माणसालाही कळलं पाहिजे. ते पान मी केलंय." त्याने पिशवीतलं यंत्र वर केलं. "आणि हे बिघडलं की नाशिकलाही मीच यायचं."

"मीही करायचे," संजना म्हणाली. "वेबसाइट."

"करायचे?"

"चार वर्षं झाली सोडून. आता परत सुरू करायचंय, पण... सगळंच बदललंय म्हणतात."

"बदललंय ना. लय बदललंय." तो स्टुलावर टेकला. "पण तुम्हाला एक सांगू का? या चार वर्षांत आम्हीसुद्धा दोनदा-तीनदा पाटी पुसून शिकलो. मध्ये आमचा जो वैताग झाला, त्याला फक्त तुम्ही हजर नव्हता."

फार दिवसांनी संजना हसली. त्याचं नाव अश्विन होतं. पाचच्या बसला तो गेला, पण चार्जर नेला नाही. पॅकहाउसमध्ये आणखी एक आहे म्हणाला. दर रविवारी सकाळी दहाला उपनगरच्या अभ्यासिकेत, वरच्या मजल्यावर, वेबसाइट करणारी आठ-दहा माणसं जमतात. तिथे आणून द्यायचा.

रिक्षात मांडीवर उघडा लॅपटॉप ओढणीने झाकून बसल्यावर तिच्या लक्षात आलं. हा का बंद करायचा नाही, ते त्याने विचारलं नव्हतं. मावशीने विचारलं होतं, शेजारच्यांनी विचारलं होतं, रूपालीसारख्या जिवलग मैत्रिणीने तर चार वेळा विचारलं होतं. याने नाही.

*

अभ्यासिकेच्या खालच्या मजल्यावर स्पर्धा परीक्षांची मुलं मान खाली घालून बसलेली असत. वरच्या खोलीत मात्र गलका. तिथला एक रिवाज होता. आल्या आल्या प्रत्येकाने सांगायचं, की मागच्या रविवारपर्यंत आपण कोणती गोष्ट बरोबर समजत होतो आणि ती चूक निघाली. चूक नसेल तर त्या आठवड्यात काही शिकलाच नाहीत, असं धरलं जाई.

संजनाची पाळी आली तेव्हा तिने आपलं एक जुनं पान भिंतीवर दाखवलं. तीन रकाने शेजारी शेजारी बसवायला तिने पूर्वी चाळीस ओळी लिहिल्या होत्या.

कॉलेजात शिकणारी सृष्टी डोळे विस्फारून पुढे झाली. "ताई, हे सगळं हाताने? आता हे दोन ओळींत होतं. ब्राउझरच करतो."

"दोन?"

"दोन. तुम्ही म्हणजे पाट्यावर वाटण वाटत होतात."

सगळे हसले. संजनाही हसली, पण तिच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. तेवढ्यात मागून अश्विन म्हणाला, "पाट्यावरच्या वाटणाची चव घे आधी. ह्या चाळीस ओळी वाचून बघ, एक तरी जास्तीची आहे का."

सृष्टीने खरंच वाचल्या. मग सावकाश म्हणाली, "नाही दादा. एकही नाही." आणि लगेच डोळे बारीक करून, "पण दादा, तुम्ही इथे सगळ्यांना ताई म्हणता. मला सुद्धा. यांनाच का नाही म्हणत?"

अश्विनने पाण्याची बाटली उचलली, टोपण काढलं, पाणी प्यायचं विसरून टोपण परत लावलं.

"लक्षात नाय आलं," तो म्हणाला.

"येईल हळूहळू," सृष्टी म्हणाली.

चार्जर त्या रविवारी परत गेला नाही. बारकूशेठचा नवा आला होता तरी नाही. पुढच्या रविवारी संजना तो घरी विसरली. अश्विन आठवण करून द्यायचं विसरला. असं दोघांचं विसरणं छान जुळून आलं.

गंगापूर रोडच्या एका कंपनीने संजनाचा अर्ज घेतला होता. तीन आठवड्यांनी, शनिवारी, दोन तासांची परीक्षा. घरूनच द्यायची. एक पान नव्या पद्धतीने उभं करून दाखवायचं. ती रोज पहाटे उठून बसू लागली. अश्विन रोज एक लहानसा सराव पाठवी, खाली एक ओळ लिहून. "हा सोपा आहे. अवघड वाटला तर चहा प्या, मग सोपा वाटेल." ती उत्तर देई, "दोन चहा झाले. अजून अवघडच आहे." "मग माझी चूक. आज थंडी किती आहे तिकडे? इकडे बागेत शेकोट्या पेटवल्यात." कामाच्या ओळी हळूहळू कमी होत गेल्या आणि थंडीच्या वाढत गेल्या.

पण सराव काही जमेना. ती लिही, पुन्हा तपासी, अक्षर न् अक्षर पडताळी, आणि पान उघडावं तर सगळे चौकोन एकाखाली एक ढासळलेले. आठ दिवस ती झगडली. नवव्या दिवशी तिने वही मिटली. चौतिसाव्या वर्षी माणसाचं डोकं एवढं बोथट होत असेल, तर ते मान्य करावं. परीक्षेला सहा दिवस असताना तो रविवार तिने चुकवला. अश्विनचे निरोप आले, त्यांना तिने उत्तर दिलं नाही.

*

बुधवारी दुपारी दार वाजलं. संजनाच्या आईने, भिमाबाईंनी उघडलं. दारात द्राक्षांचं खोकं घेऊन एक अवघडलेला माणूस उभा होता.

"जय भीम, काकू. मी अश्विन. अभ्यासिकेतला."

"जय भीम. या की." भिमाबाईंनी त्याला नखशिखान्त न्याहाळलं. "संजू, ते थंडीचे निरोप पाठवणारे आलेत गं."

"आई!"

"मी काय म्हटलं? फोन सारखा वाजतो, मला दिसत नाही का?" असं म्हणत त्या द्राक्षं धुवायला आत गेल्या.

अश्विन खुर्चीच्या कडेवर बसला. "आला नाहीत."

"मला जमत नाहीये, अश्विन. खरंच नाही. परीक्षेला बसत नाही मी."

"दाखवा काय जमत नाही ते."

तिने खिडकीखालच्या टेबलावरचा लॅपटॉप त्याच्याकडे वळवला. त्याने तिचं लिखाण वरपासून खालपर्यंत वाचलं. पुन्हा वाचलं. मग खिशातून मोबाइल काढला. ते पान तिने नेटवर चढवलेलं होतं, ते मोबाइलवर उघडलं आणि तिच्यासमोर धरलं.

सगळे चौकोन आपापल्या जागी बसले होते. सरळ रेषेत, हवी तेवढी फट ठेवून.

"तुमचं सगळं बरोबर आहे," तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासून बरोबर आहे. तुमचा ब्राउझर जुना आहे. दोन वर्षांत... जास्तच... अपडेट झालेला नाही. नवी गोष्ट त्याला समजतच नाही."

संजना बघत राहिली. नोकरीत असताना तिने शेकडो गिऱ्हाइकांना फोनवर हेच सांगितलं होतं. आधी ब्राउझर अपडेट करा, मग तक्रार करा. झोपेतसुद्धा सांगितलं असतं. आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा तिने सगळ्यांवर संशय घेतला होता, सगळ्यात जास्त स्वतःवर. फक्त या लॅपटॉपवर घेतला नव्हता.

"अपडेट केला तर तो बंद होऊन परत सुरू होईल," ती म्हणाली.

"हो."

"म्हणून."

याही वेळी त्याने विचारलं नाही. त्याच्या त्या न विचारण्यामुळेच असेल, संजनाने एका कडेचा टॅब उघडला आणि खुर्ची थोडी मागे घेतली, त्याला दिसावं म्हणून.

एक फॉर्म होता. काही वर्षं घरी राहून कामावर परतणाऱ्या बायकांसाठीच्या वेबसाइट-प्रशिक्षणाचा. नाव, पत्ता, शिक्षण भरलेलं. शेवटचा मोठा चौकोन होता, "उमेदवाराबद्दल थोडक्यात". त्यात लिहिलं होतं:

माझी मुलगी संजना हुशार आहे. माझ्या आजारपणामुळे ती घरी बसली आहे. तिला सगळं परत शिकायला दोन महिने पुरे. ती रागावते पण मनात ठेवत नाही. ती कधी कधी

पुढे काही नव्हतं. उभी रेघ लुकलुकत होती.

"पप्पा," संजना म्हणाली. "एसटीत वाहतूक नियंत्रक होते. डेपोत माइकवर गाड्या पुकारायचे. टायपिंग एका बोटाने. हे लिहायला त्यांना अख्खी दुपार लागली असेल. मला सांगितलं नव्हतं. संध्याकाळी त्रास वाढला, आम्ही दवाखान्यात गेलो. परत आलो ते मी आणि आई, दोघीच. लॅपटॉप उघडला, तर हे."

"तुम्हाला माहीत असेलच," अश्विन म्हणाला, "की हे शब्द..."

"कॉपी करता येतील. माहीत आहे. फोटोही काढलाय." ती किंचित हसली. "शब्द कॉपी होतात. ती रेघ नाही होत. आत्ताच कुणीतरी उठून गेलंय, पाणी प्यायला वगैरे, असं वाटत राहतं तिच्याकडे बघून. आणि कधी कधी काय? दोन वर्षं मी ते वाक्य पुरं करतेय. कधी कधी रडते? कधी कधी ऐकत नाही?"

आतून भांड्यांचा आवाज थांबला होता. भिमाबाई ऐकत असाव्यात.

"बंद करा" हे शब्द आता येणार, याची संजना वाट बघत होती. ते सगळ्यांकडूनच आले होते. समजुतीने, रागाने, काळजीने.

"शनिवारी किती वाजता आहे परीक्षा?" अश्विनने विचारलं.

"अकराला."

"मग पिंपळगावला या. माझ्या लॅपटॉपवर द्या. पॅकहाउसचं नेट लय चांगलं आहे. हंगामात मला तिथून हलता येत नाय, नाहीतर मीच घेऊन आलो असतो." तो उठला. "हा राहू द्या चालू. त्याला कुठे परीक्षा द्यायचीय?"

*

शनिवारी पॅकहाउसमध्ये थंडगार कोंदट वास होता, पुठ्ठ्याचा आणि द्राक्षांचा. लांबच लांब टेबलांपाशी पन्नासेक बायका डोक्याला टोप्या घालून घड निवडत होत्या आणि एकमेकींशी ओरडून बोलत होत्या. काचेच्या छोट्या खोलीत संजना अश्विनच्या लॅपटॉपसमोर बसली. ओढणीचं टोक ती बोटाला गुंडाळत होती, सोडत होती.

टोळीची मुकादम नवसाबाई दारात आली. "काय गं पोरी, एवढी काय घाबरलीस? काय लिव्हायचंय?"

"परीक्षा आहे, मावशी. दोन तासांची."

"परीक्षा?" नवसाबाई गर्रकन वळली. "ए, गप बसा गं समद्या! पोरीची परीक्षा हाय!"

आणि पन्नास बायका गप्प झाल्या. कात्र्यांची कुरकुर तेवढी उरली. काही हवं असलं की हाताने खुणा, हसू आलं की पदर तोंडात.

पहिला तास बरा गेला. मग रस्त्यावर टेम्पोची रांग लागली आणि हॉर्न सुरू झाले. संजनाचा धागा तुटला. तिने वैतागून खिडकीबाहेर पाहिलं. अश्विन रस्त्याच्या मधोमध उभा होता. एका टेम्पोवाल्यापुढे हात जोडून काहीतरी सांगत होता. टेम्पोवाल्याने हॉर्नवरचा हात काढला. तो पुढच्या टेम्पोकडे पळाला. मग त्याच्या पुढच्या. उन्हात शर्ट पाठीला चिकटला होता, एका चपलेचा पट्टा निसटला होता, आणि तो प्रत्येक खिडकीशी थांबून, आत बोट दाखवून, परत हात जोडत होता.

हॉर्न थांबले.

संजना पुन्हा पडद्याकडे वळली. डोळे पुसावे लागले, तेवढं अर्धं मिनिट गेलं. बाकीचा वेळ तिला पुरून उरला. काय लिहायचं ते हातांना ठाऊक होतं. चौकोन एकेक करून जागच्या जागी जाऊन बसले.

दोन तासांनी ती बाहेर आली तेव्हा नवसाबाईने एक घड तिच्या हातात ठेवला. "पास झाली का?"

"अजून कळायचंय मावशी. पण पेपर चांगला गेला."

"जाणारच. त्यानं टेम्पो अडवला ना, माझा लेक त्यात होता. घरी येऊन सांगंल, आज एक येडा भेटला म्हणून."

"मावशी, मी इथेच आहे," अश्विन म्हणाला.

"म्हणून तर बोलले."

*

निकाल आला नव्हता. संजनाने त्याची वाटही पाहिली नाही. दुसऱ्या दिवशी, रविवारी, अभ्यासिकेतून निघताना ती अश्विनला म्हणाली, "घरी याल? काही करायचं नाही. नुसतं बसायचंय."

घरी आल्यावर तिने वही काढली आणि त्या चौकोनातलं सगळं शाईने उतरून घेतलं. "ती कधी कधी" यापुढे तिने पूर्णविराम दिला नाही. अश्विन शेजारच्या खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसला होता. तिने पडद्यावरच्या त्या रेघेकडे एकदा नीट पाहून घेतलं. मग स्वतःच्या बोटाने अपडेटचं बटण दाबलं.

पडदा काळा झाला.

आणि खोलीत एकदम काहीतरी थांबलं. आतल्या पंख्याची बारीक घरघर. दोन वर्षं रात्रंदिवस चाललेली, इतकी अंगवळणी पडलेली, की ती होती हे आत्ता ती गेल्यावर कळलं.

"लाईट गेली का गं?" आतून भिमाबाईंनी विचारलं.

"नाही आई. मी बंद केला."

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला. भिमाबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि कॉटवर टेकल्या. थोडा वेळ त्या शांतता ऐकत राहिल्या.

"किती आवाज करत होता मेला," त्या म्हणाल्या. मग उठल्या. "वांग्याचं भरीत करते. जेवून जायचं हं तुम्ही." आणि आत गेल्या.

पडद्यावर गोल फिरू लागलं होतं. अपडेट, चौदा टक्के.

"एक विचारू?" संजना म्हणाली. "तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत, बंद करा म्हणून."

"म्हणणार नव्हतो."

"कधीच?"

"कधीच." तो जमिनीकडे बघत होता. "तुमच्याबरोबर तोही चालू राहिला असता. मला चाललं असतं. एक प्लग जास्तीचा लागला असता, एवढंच."

"कुठे लागला असता?"

तेव्हा त्याला कळलं आपण काय बोलून बसलो. कानापर्यंत लाल झाला. "म्हणजे... मी... ते पुढचं झालं. अजून तुम्हाला विचारलंच नाय मी."

"मग विचारा ना."

"इथं? काकू आत आहेत."

"काकू ऐकतायत," आतून भिमाबाई म्हणाल्या.

संजनाला हसू फुटलं. रडूही आलं. दोन्ही एकदम आलं, आणि ते लपवावंसं तिला वाटलं नाही. "मी हा तुमच्यासाठी बंद केलेला नाही," ती म्हणाली. "ते आधी सांगते. काल खिडकीतून तुम्हाला त्या टेम्पोंपुढे हात जोडताना पाहिलं, आणि पहिल्यांदाच वाटलं की पुढचा सोमवार कसा असेल ते बघावं. त्याच्या पुढचाही. इतके दिवस मला सोमवार नकोच होते, अश्विन."

"आणि आता?"

"आता हवेत. पण एकटीला नकोत."

त्याने हात पुढे केला. टेबलावर, उताणा, काही न मागता ठेवलेला. तिने त्यावर आपला हात ठेवला. तिची बोटं शाईने निळी झाली होती, ती त्याच्या तळव्याला लागली.

"लय..." तो म्हणाला आणि थांबला.

"लय काय?"

आत वांगं भाजल्याचा वास सुटला. भिमाबाई पप्पांची आवडती चटणी कुठे ठेवली ते स्वतःशीच पुटपुटत शोधत होत्या. लॅपटॉप केव्हा सुरू झाला, ते तिघांपैकी कोणीच पाहिलं नाही.